थांबण्याचं शहाणपण

आपल्याकडे पारा दहा अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते आणि घराघरांत कानटोप्यांची शोधाशोध सुरू होते. उत्तर अमेरिकेच्या टोकाला, अलास्कात, फेब्रुवारीच्या अखेरीस काही माणसं उणे ४० अंशांची तयारी करून चक्क सायकलवर निघतात. उणे ४० हा मोठा गमतीचा आकडा आहे. तिथं सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात.

या शर्यतीचं नाव ‘इडिटारॉड ट्रेल इन्व्हिटेशनल’. वाट जुनी आहे. सोन्याच्या खाणींच्या काळात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून या वाटेनं टपाल जात असे. मॅकग्रा गावापर्यंत ३५० मैल आणि बेरिंग समुद्राच्या काठावरच्या नोमपर्यंत १००० मैल. मध्ये डांबरी रस्ता नाही. गोठलेल्या नद्या, गोठलेल्या दलदली आणि अलास्का पर्वतरांगेतली रेनी खिंड ओलांडत जायचं. कुणी सायकलवर जातो, कुणी स्कीवर, कुणी पायी.

ही शर्यत विनाथांबा असते, याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. थांबत नाही ते घड्याळ! टप्पे नाहीत, रात्रीचा विराम नाही. कुठं झोपायचं, किती झोपायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. झोपेचा वेळही शर्यतीतच मोजला जातो. नोमसाठी ३० दिवसांची मुदत असते. २०१४ साली जेफ ओटली यांनी हे अंतर सायकलवर दहा दिवस आणि काही तासांत कापलं.

बर्फावर सायकल चालते कशी? १९०० साली एड जेसन नावाचा माणूस सोन्याच्या ओढीनं डॉसनहून नोमला गोठलेल्या युकॉन नदीवरून सायकलनं गेला होता. त्याचे टायर बारीक होते, थंडीनं रबर कडक होई आणि बेअरिंगमधलं तेल गोठे. आजच्या बर्फातल्या सायकलीचा टायर चार-पाच इंच रुंद असतो आणि त्यात हवा अगदी कमी भरतात. उंटाचा पाय वाळूवर पसरतो म्हणून रुतत नाही, तसा हा टायर बर्फावर पसरतो. तरीही ताजा बर्फ पडला की सायकल आपल्याला नेत नाही, आपणच तिला ढकलत न्यायचं! दुपारच्या उन्हात वाट भुसभुशीत होते, रात्रीच्या गारठ्यात पुन्हा घट्ट होते. म्हणून पुष्कळदा रात्रीच अंतर कापायचं असतं.

आता खरा धोका ऐका. आपल्याला वाटतं, थंडी हा शत्रू. पण थंडीआधी शत्रू असतो घाम. ओलं कापड अंगातली ऊब कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतं. चढावर जोर लावला, घाम आला आणि मग वारा सुटला, की तोच घाम जिवावर उठतो. म्हणून जाणता स्वार चढ सुरू होण्याआधीच थांबून एक कपडा काढतो, उतार लागण्याआधी पुन्हा घालतो. दम लागण्याआधी वेग कमी करतो. पाण्याची बाटली अंगाशी ठेवतो, नाहीतर पिण्याऐवजी फोडायची वेळ येते. तहान लागली म्हणून बर्फ खात नाही, कारण तो वितळवायला शरीराचीच ऊब खर्ची पडते. स्टोव्हवर बर्फाचं पाणी करतो. कुठं बर्फावर पाणी साचलेलं असतं, पाय भिजतात. मग मुक्काम जवळ असला तरी तिथंच थांबून मोजे बदलायचे. बोटं दुखत असतील तर एकपरी बरं. दुखायची थांबली तर मात्र घाबरावं.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. शरीर फार गार झालं की आधी हात बटणं लावेनासे होतात, जीभ अडखळते आणि मग विचारशक्तीच मंदावते. माणसाला वाटतं, आपण ठीक आहोत, अजून थोडं जाऊ. ज्या डोक्यानं धोका ओळखायचा, तेच डोकं गारठलेलं असतं! म्हणून तिथले नियम तंबूत, शेकोटीपाशी, डोकं ताळ्यावर असतानाच ठरवून ठेवावे लागतात: अमुक झालं की थांबायचं, तमुक झालं की मागे फिरायचं. नंतर स्वतःशी वाद घालायचा नाही.

आपल्याकडची तरुण मुलंही आता सायकली घेऊन लेहला, स्पितीला जातात. त्यांच्या हिमतीचं कौतुक करावंच. पण घरातून निघताना ‘कुठपर्यंत जाणार?’ एवढंच विचारू नये. ‘काय झालं तर परत फिरणार?’ हेही विचारावं. घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, ‘अति घाई संकटात नेई’. आपण ते वाचून पुढे जातो. बर्फात पाटी नसते, ती मनात लावून निघावी लागते. न थांबणाऱ्याचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. वेळेवर थांबून घरी परतलेल्या माणसासाठीही एखादी ओळ राखून ठेवायला हवी.