गिअर्सना बाय बाय!

पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली एकवीस गिअरची एमटीबी आहे ना? खरं सांगा, त्यातले वापरता किती? डेक्कन ते कर्वेनगर जायला फार तर दोन. बाकीचे नुसते पावसाळ्यात चिखल खातात आणि ऐन सिग्नलला कटकट करतात. मग बॉस, काढूनच टाका! पुढे एक चकती, मागे एक, मध्ये चेन. झाली सिंगल-स्पीड.

पण पाना उचलण्याआधी एक फुकट टेस्ट करा. चेन पुढे मधल्या चकतीवर आणि मागे सोळा-अठरा दातांवर ठेवा आणि आठवडाभर गिअरला हातच लावू नका. 26 इंची चाकाला 32-16 ही जोडी जमते. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण सव्वाचार मीटर पुढे जाते. मिनिटाला 80 फेऱ्या मारल्यात की ताशी वीसचा स्पीड! ऑफिसला जायच्या रस्त्यात चांदणी चौकासारखा चढ असेल तर मागे 18 घ्या. तरीही गुडघे कुरकुरले, तर गिअर राहू द्या. त्यात कमीपणा कसला?

खरी मेख चेनच्या ताणात आहे. दूधवाल्याच्या सायकलला मागचं चाक जरा मागे ओढलं की चेन ताठ होते. एमटीबीत एक्सलची खाच बहुतेक वेळा उभी असते, चाक सरकतच नाही. 'चालतंय की' म्हणून चेन सैल सोडलीत, तर उभं राहून जोर लावताना ती निसटते, पाय हवेत जातो आणि तुम्ही थेट दांडीवर. मागून बस येत असेल तर विषयच संपला. म्हणून टेन्शनर हवाच. नवा घ्यायचा नसेल तर जुना मागचा डिरेलर वापरा. केबलचा छोटा तुकडा अडकवून आणि स्क्रू पिळून त्याची चाकं नेमकी चकतीखाली आणायची, बस्स.

दुसरी गोष्ट म्हणजे चेन सरळ रेषेत हवी. मागे कॅसेट असेल तर काम सोपं, स्पेसर मागेपुढे करून चकती हवी तिथे बसते. आटे असलेलं जुनं फ्रीव्हील असेल, तर त्याजागी साध्या सायकलचं एकेरी फ्रीव्हील लागतं. मात्र रेषा जुळवायला चांगला मेकॅनिक गाठा. जुनं फ्रीव्हील उघडायला खास टूल लागतं. छिन्नी-हातोडी घेऊन सरसावणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा! पुढच्या चकत्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतील तर राहू द्या तशाच, कुणाचं काय जातंय?

आणि हो, हे 'फिक्सी' नव्हे. पेडल थांबवलं तरी सायकल आरामात पळते, ब्रेकही जसेच्या तसे राहतात. काढलेले शिफ्टर, केबल्स एका पिशवीत घालून ठेवा. सायकल विकायला काढलीत की घेणारा पहिला प्रश्न त्यांचाच विचारेल.