केशचर्येतील वेणीचे स्थान

केस गळतात ही तक्रार घेऊन येणारी रुग्णा बहुधा एकच प्रश्न विचारते : कोणते तेल लावू? वैद्य तिची प्रकृती पाहतो, आहारविहार विचारतो, पाळीची व झोपेची चौकशी करतो आणि तेल लिहून देतो. या सर्व चौकशीत एक प्रश्न सहसा राहून जातो, तो म्हणजे केस बांधता कसे? दिवसाचे बारा-चौदा तास केस ज्या स्थितीत असतात तिचा विचार न करता, आठवड्यातून दोनदा लावल्या जाणाऱ्या तेलाचीच चर्चा व्हावी हे आम्हाला विसंगत वाटते. अभ्यंग, प्रक्षालन आणि बंधन ही केशचर्येची तीन अंगे होत. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व येथेही लिहावे लागेल; परंतु या लेखाचा खरा रोख तिसऱ्या अंगाकडे आहे.

चरकाचार्यांनी ग्रहणी चिकित्सेच्या अध्यायात केश व लोम यांना अस्थिधातूचा मल म्हटले आहे. सुश्रुताचार्य खालित्याची संप्राप्ती सांगताना वातासह पित्त रोमकूपात जाऊन केस पाडते आणि मागाहून रक्तासह कफ तो रोमकूप रोधतो, म्हणून तेथे दुसरा केस येत नाही, असे म्हणतात. दोन्ही विधानांतून निष्पन्न होणारी गोष्ट एकच. केसाचा उगम शरीराच्या आत आहे, आणि जो भाग डोळ्यांना दिसतो तो घडून बाहेर पडलेला भाग आहे. आधुनिक शारीरशास्त्रही दृश्य केसाला निर्जीवच मानते. त्याची झीज कोणत्याही लेपाने भरून येत नाही. ती टाळता मात्र येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कंबरेपर्यंत पोहोचलेल्या वेणीच्या टोकाने पाच-सहा उन्हाळे पाहिलेले असतात, तेवढ्या वर्षांची फणी, ऊन, घाम आणि गाठी सोसलेल्या असतात. म्हणून मुळासाठी चिकित्सा आणि लांबीसाठी रक्षण, असे दोन निराळे विचार करावे लागतात. जाहिरातींत ते जाणूनबुजून एकत्र केले जातात.

अर्थात, चर्येकडे वळण्यापूर्वी व्याधी वगळला पाहिजे. तीव्र ज्वर, प्रसूती, मोठी शस्त्रक्रिया किंवा अतिलंघन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेकांत ते परत येतात. २०२०-२१ च्या कोविड साथीनंतर हे आपण सर्वांनीच पाहिले. पांडु आणि थायरॉइडच्या विकारांची तपासणी टाळू नये. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस थोड्या दिवसांत गळून टक्कल पडले, तेव्हा प्रथम संशय पाण्यावर गेला होता. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरातील सेलेनियमचे वाढलेले प्रमाण दाखवून खाण्यातील गव्हाकडे निर्देश केला. अशा ठिकाणी माक्याच्या तेलाची बाटली काय करणार?

आता तेलाविषयी. वाग्भटाचार्यांनी मूर्धतैलाचे अभ्यंग, सेक, पिचु व बस्ति असे चार प्रकार सांगितले आहेत. घरच्या चर्येत यांतील पहिलाच येतो. संहितांत मुख्यत्वे तिळाचे तेल असले तरी कोकणात व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल वापरले जाते, आणि त्यात गैर काही नाही. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली होती. केस धुताना व विंचरताना होणारी प्रथिनांची झीज खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, इतर दोहोंनी तसे झाले नाही. खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते, असे त्याचे कारण दिले गेले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा लाभ केसाच्या लांबीला मिळतो, आणि न्हाण्यापूर्वी तेल लावण्याच्या आपल्या जुन्या रीतीशी तो जुळतो. त्यावरून खोबरेलाने नवे केस उगवतात असा निष्कर्ष काढता येत नाही.

घरोघरी होणाऱ्या ‘औषधी तेला’विषयी मात्र बोलले पाहिजे. जास्वंदीची फुले, माका, कढीलिंब, मेथी असे सर्व काही खोबरेलात टाकून काळे पडेपर्यंत तळायचे, याला तैलपाक म्हणत नाहीत. शार्ङ्गधराने घालून दिलेले मान कल्क एक, स्नेह चार व द्रव सोळा भाग असे आहे. मंद अग्नीवर पाण्याचा अंश पूर्ण निघून जावा, कल्काची बोटांत वात वळावी, ती विस्तवावर धरली असता चटचट आवाज येऊ नये आणि तेलावर फेस यावा, ही सिद्धीची लक्षणे होत. अभ्यंगासाठी खरपाक सांगितला आहे. घरच्या तेलात पाणी राहून जाते, मग महिनाभरात त्याला खवट वास येतो. ज्यांना एवढा खटाटोप शक्य नाही त्यांनी साधे शुद्ध तेल वापरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. द्रव्यांच्या ओळखीतही घोळ आहे. माक्याचे फूल पांढरे. पिवळ्या फुलांची त्याच्यासारखी दिसणारी वनस्पती निराळी. आणि रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ म्हणून मिळणारे गोल पानाचे रोप बहुधा मंडूकपर्णीचे असते.

दररोज रात्री डोके तेलाने भिजवून झोपण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. कफग्रस्त, अजीर्णी व नुकतेच शोधन झालेल्या व्यक्तीस अभ्यंग वर्ज्य सांगितलाच आहे. दारुणकाच्या, म्हणजे कोंड्याच्या, रुग्णांत जी बुरशी टाळूवर वाढते तिचे पोषणच स्निग्धांशावर होते. तेलकट टाळूच्या तरुण रुग्णांत रात्रभराच्या तेलाने कोंडा वाढतो आणि ‘कोरडे पडले आहे’ असे समजून ते आणखी तेल थापतात. यांनी न्हाण्यापूर्वी तासभर, केसांच्या खालच्या निम्म्या भागास तेल लावणे पुरे.

न्हाण्यासाठी शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा हे मिश्रण महाराष्ट्राला नवे नाही. शिकेकाई चार भाग, आवळकाठी एक, नागरमोथा अर्धा अशा अदमासाने भरड घेऊन रात्री लोखंडी नसलेल्या भांड्यात भिजवावी, सकाळी मंद उकळावी आणि दुहेरी फडक्यातून गाळावी. गाळणे महत्त्वाचे, कोरडी पूड डोक्यात चोळली की तिचे कण केसांत अडकतात आणि ते काढताना केस तुटतात. रिठा फेस अधिक देतो, परंतु डोळ्यांना फार झोंबतो व केस रुक्ष करतो, म्हणून अत्यल्प घालावा. साबण क्षारधर्मी, तर शिकेकाईचे पाणी सौम्य आम्ल असते. केस कमी गुंततात ते यामुळेच. डोक्यावर कढत पाणी घेऊ नये, ते केस व डोळे यांचे बल हरते, हे वाग्भटाचे सांगणे गीझरच्या काळात रुग्णाला पुन्हा पुन्हा ऐकवावे लागते. सौम्य शाम्पू वापरणाऱ्या नोकरदार स्त्रीला अपराधी वाटावे असे मात्र काही बोलू नये.

मेंदीविषयी एक इशारा. शुद्ध मेंदी तांबूस रंगच देते. ‘हर्बल काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असू शकते. त्याने टाळू, पापण्या व कान सुजून पाणी सुटल्याचे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे नित्य येतात. आपल्याकडेही यावे आणि ‘पण मी नैसर्गिकच लावते’ असे तिने सांगावे, यात नवल नाही. पुडी घेऊन यायला सांगावे.

आता बंधनाकडे वळू. आपल्याकडील तीनपेडी वेणी ही केसांची उत्तम संरक्षक रचना आहे. ती केसांना एकमेकांवर घासू देत नाही, वाऱ्याने गुंता होऊ देत नाही आणि टोके उघडी ठेवत नाही. ‘संरक्षक केशरचना’ हा सध्या प्रचलित झालेला शब्दप्रयोग आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या परंपरेतून आला आहे. त्यांच्या घट्ट कुरळ्या केसांना रोजची फणी सोसत नाही, म्हणून ते बारीक वेण्यांत गुंफून काही आठवडे तसेच ठेवले जातात. गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या केसांना घातल्या जाणाऱ्या वेण्या त्याच धर्तीच्या. परंतु जी रचना केसाच्या लांबीचे रक्षण करते तीच घट्ट ओढली तर मुळाचा नाश करते, हेही त्याच स्त्रियांच्या अनुभवातून पुढे आले आहे. ओढीने होणाऱ्या खालित्याचे पहिले वर्णन १९०७ साली ग्रीनलंडमधील स्त्रियांत झाले. केस उंच व घट्ट बांधण्याची तेथे पद्धत होती. शिखांमध्ये केसांचा जुडा घट्ट बांधल्यानेही असेच आढळले आहे. संहितांत या कारणाचा स्वतंत्र उल्लेख शोधत बसण्याचे कारण नाही. आघात हा आगंतु हेतू आहे, आणि दीर्घकाळ चालणारी ओढ हाही आघातच.

आपल्याकडे ही ओढ कोठे कोठे असते? शाळकरी मुलीच्या दोन वेण्यांत, ज्या संध्याकाळपर्यंत सुटू नयेत म्हणून आई सकाळी ओल्या केसांवर करकचून घालते आणि रिबिनीने वर दुमडून बांधते. ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो व लवकर तुटतो, शिवाय वाळताना गाठीतच दमट राहतो. नृत्य शिकणाऱ्या मुलीच्या गंगावनात, ज्याचा सारा भार तिच्या स्वतःच्या मूठभर केसांवर येतो. नववधूच्या खोप्यात, आकड्यांच्या गर्दीत आणि त्यावरील फुलांच्या वजनात. परंतु हे एक-दोन दिवसांचे असते, त्याची चिंता नको. रोज उंच बांधलेल्या ‘पोनी’त मात्र चिंता आहे, विशेषतः खालून साधा रबर असेल तर.

परीक्षण सोपे आहे. रुग्णेला वेणी सोडायला सांगावी आणि सोडताना तिचा चेहरा पाहावा. केस मोकळे होताच बरे वाटत असेल किंवा मुळांशी दुखत असेल तर निदान अर्धे झाले. मग कपाळ व कानशिले पाहावीत. मुळाशी बारीक पुळ्या, तुटके आखूड केस, आणि ओढीत न सापडलेल्या बारीक केसांची कपाळावर राहिलेली झालर ही लक्षणे शोधावीत. भांग नेहमी एकाच जागी असेल तर तो रुंद झालेला दिसतो. या अवस्थेत ओढ थांबवली की केस येतात. त्वचा गुळगुळीत, चकचकीत झाली व रोमकूप दिसेनासे झाले की मग कोणत्याही पद्धतीच्या वैद्याच्या हाती फारसे उरत नाही. सुश्रुतोक्त रोमकूपरोधाशी याचे सादृश्य आहे, समीकरण मांडण्याचा आमचा आग्रह नाही.

तेव्हा औषधाबरोबर पुढील चर्या लिहून द्यावी. केस टॉवेलने न झटकता जुन्या मऊ सुती कापडाने टिपावेत व वाळेपर्यंत मोकळे ठेवावेत. रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवीत वर जावे. मुळापासून खाली ओढणे ही जवळजवळ प्रत्येक घरातली सवय आहे. वेणी मानेजवळ सुरू करावी, पहिले दोन पेड सैल असावेत, शेवट कापडी बंधाने करावा. दर काही दिवसांनी भांगाची जागा बदलावी. रात्री अंबाडा सोडून सैल वेणी घालावी. दुचाकीवर जाणाऱ्यांनी हेल्मेटखाली उंच बुचडा बांधू नये.

बंधनाच्या दुसऱ्या टोकाला जट आहे. केस दीर्घकाळ न विंचरता, न सोडवता राहिले, त्यात तेल, धूळ व घाम साचला की ते एकमेकांत घट्ट विणले जातात. आपल्या प्रदेशात याला देवीचे बोलावणे मानून मुलींना देवाला सोडले गेले आहे, आणि मानेवर तो भार वाहत अनेक स्त्रिया आजही जगत आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन जट सोडवण्याचे काम करीत आले आहेत. मानदुखीसाठी आलेल्या अशा स्त्रीला केवळ बस्ती व लेप देऊन परत पाठवू नये. हा केसांचा गुंता आहे, तो कापला असता कोप होत नाही, एवढे वैद्याच्या तोंडून ऐकण्याने पुष्कळ भीती सरते. लहान जट तेलाने मऊ करून हळूहळू सुटते. मोठी कापावीच लागते, आणि ती कापताना घरातील वडीलधारी मंडळी समोर असलेली बरी.

केशचर्या बदलल्यानंतर तीन महिन्यांच्या आत कोणताही निर्णय देऊ नये, कारण गळण्याच्या अवस्थेत गेलेले केस तेवढा काळ पडतच राहतात. पहिल्या भेटीत कपाळाचे व भांगाचे छायाचित्र घेऊन ठेवावे, तारीख घालावी आणि तीन महिन्यांनी त्याच उजेडात दुसरे घ्यावे. त्यात झालर दाट झालेली दिसली तर तेल तेच ठेवावे. न दिसली, किंवा गोल चट्टे, खाज, पू अथवा व्रणवस्तू आढळली, तर रुग्णेला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब करू नये.