दीर्घ मोटारप्रवास आणि वेगधारण

रुग्णास पथ्य सांगणे सोपे. ते स्वतः पाळणे किती अवघड, याचा प्रत्यय आम्हांस डिसेंबर २०२३ मध्ये पुणे ते कोट्टक्कल या मोटारप्रवासात आला. वैद्यरत्नम पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये स्थापन केलेली तेथील आर्यवैद्यशाला पाहावी, ही आमची विद्यार्थिदशेपासूनची इच्छा. सोबत सौ. आणि सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री. गाडी चालविणारे एकटे आम्हीच.

पूर्वतयारी, आमच्या मते, शास्त्रशुद्ध होती. आठ दिवस आधी टायर, ब्रेक, स्टेपनीतील हवा तपासून घेतली. औषधपेटीत मळमळीसाठी मोरावळा व आलेपाक, अजीर्णासाठी शंखवटी, अतिसारासाठी कुटजघन वटी, मलावष्टंभासाठी गंधर्वहरीतकी आणि अभ्यंगास तीळतेल घेतले. पेटी पाहून सौ. म्हणाल्या, "अहो, सगळा दवाखानाच बरोबर घेतलात की काय?"

पहिल्याच दिवशी सुमारे ८४० कि.मी. अंतर तोडून बंगळूरू गाठण्याचा आमचा बेत होता. पहाटे ४ वाजता निघायचे म्हणून रात्री झोप जेमतेम चार तास झाली. त्यावर हुबळीस दुपारी पोटभर दहीभात. हावेरीपुढे जांभया सुरू झाल्या. 'थोडे थांबू या,' असे सौ. दोनदा म्हणाल्या, आम्ही काच खाली केली आणि चहावर वेळ मारून नेली. जृंभा व निद्रा हे दोन्ही चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी आहेत. हा अध्याय आम्ही विद्यार्थ्यांना शिकविलेला आहे!

राणेबेन्नूर ओलांडल्यावर आमचा डोळा लागला. ताशी ९० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. चाके कडेच्या खडीवर उतरली, त्या आवाजाने जाग आली. समोर मालट्रक उभा होता. ब्रेक लागले, गाडी थांबली. बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

बंगळूरूचा बेत सोडून चित्रदुर्गास मुक्काम केला. तेथे दुसरी गोष्ट उघड झाली. मातोश्रींना मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह व शूल होऊ लागला. विचारता त्या म्हणाल्या, "वाटेत बायकांची सोय कुठे असते रे? म्हणून साताऱ्यापासून पाणीच प्यायले नाही." म्हणजे तृष्णा आणि मूत्र, दोन्ही वेगांचे धारण आमच्या मागील आसनावर दिवसभर चालले होते. दवाखान्यात प्रत्येक स्त्रीरुग्णास आम्ही हा प्रश्न विचारतो. आईस विचारला नाही. ज्वर वा कंप नव्हता. तो असता तर तत्काळ रुग्णालय गाठले असते. भिजविलेल्या धन्यांचे पाणी रात्रभर थोडेथोडे दिले, सकाळपर्यंत दाह शमला.

त्यानंतरचा क्रम निराळा होता. दिवसाकाठी ३०० कि.मी.पेक्षा अधिक नाही, दर दोन तासांनी थांबा, सूर्यास्तानंतर चालविणे बंद. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने धंदेवाईक चालकासही सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. आम्ही तर हौशी चालक! पेट्रोलपंपावर थांबताच आधी सौ. स्वच्छतागृह पाहून येत, मग मातोश्री उतरत. दुपारी दोन इडल्या किंवा मुगाची खिचडी आणि नंतर आसन मागे टाकून वीस मिनिटांची झोप. हेमंतात दिवास्वाप निषिद्ध, अशी शंका वैद्यबंधू घेतील. परंतु यान व जागरण यांनी थकलेल्यांस चरकाचार्यांनी त्याची अनुज्ञा दिली आहे. रात्री पादाभ्यंग. औषधपेटीतून तीळतेल तेवढे उपयोगी पडले, बाकी बहुतेक जशीच्या तशी परत आली.

कृष्णगिरी व कोइमतूर येथे मुक्काम करून पालघाटमार्गे चौथ्या दिवशी कोट्टक्कलला पोहोचलो. तेथील औषधी वनस्पतींच्या उद्यानाविषयी पुढे कधी सविस्तर लिहू. परतीच्या वाटेवर साताऱ्याजवळ, घर अवघ्या दोन-अडीच तासांवर असताना, आम्ही थेट पुढे निघालो होतो. मातोश्रींनी गाडी थांबवावयास लावली, खाली उतरून आल्या आणि पाण्याची बाटली मागितली.