सेल्फ फिरतो, पण ठिणगी पडत नाही
जुन्या पेट्रोल मोटारीतील दोष कसा शोधावा

१९५६ साली भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. त्यांच्यापैकी काहींच्या दारात आजही एखादी जुनी ॲम्बॅसडर अथवा प्रीमियर पद्मिनी उभी असलेली दिसते. पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्यात आल्याने कार्यालयांच्या आवारातील जुन्या जीपगाड्या दिसेनाशा झाल्या. परंतु खाजगी मालकीची जुनी वाहने नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून अद्याप वापरात आहेत. त्यांची यंत्ररचना जाणणारे मिस्त्री मात्र आता थकले असून, त्यांच्या हाताखाली तयार झालेली नवी पिढी संगणकयुक्त गाड्यांवर काम करते. अशा परिस्थितीत वाहनधारकाला स्वतःलाच थोडी माहिती असणे आवश्यक ठरते.

या गाड्यांत वारंवार आढळणारा दोष म्हणजे किल्ली फिरविताच सेल्फ जोमाने फिरतो, परंतु इंजिन सुरू होत नाही. पुष्कळदा याचे कारण ठिणगीचा अभाव हे असते. दोष बहुधा क्षुल्लक असतो, पण तो न शोधताच एकामागून एक सुटे भाग बदलण्याची जी प्रथा पडली आहे, ती मात्र महाग पडते.

ठिणगी कशी निर्माण होते, हे प्रथम पाहू. बॅटरी बारा व्होल्टची असते. एवढ्या अल्प दाबाने प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडणे विजेला शक्य नाही. म्हणून बॅटरीचा प्रवाह कॉइलमधील जाड तारेच्या वेढ्यांतून नेला जातो व तो एकाएकी खंडित केला जातो. प्रवाह तुटताच कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केलेले विद्युत्‌प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट करतात. त्यांच्यावर जाळ पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर बसविलेला असतो. उच्च दाबाची वीज मधल्या जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात येते व फिरता रोटर ती पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवितो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एका सेकंदात शंभर ठिणग्या पडतात.

ही पद्धती अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली व १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम आली. गंमत अशी की, विजेवर चालणारा सेल्फही त्यांनीच १९१२ साली त्याच मोटारीला दिला. तथापि दोहोंचे मार्ग भिन्न आहेत. बॅटरीचा प्रवाह सेल्फला पोहोचला म्हणजे तो कॉइललाही पोहोचलाच, असे समजण्याचे कारण नाही.

तपासणीस आरंभ करण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे व कोणी विडी-सिगारेट ओढू नये. कॉइलचा झटका जबर असतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने या कामापासून दूरच राहावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये. ठिणगी नसताना सेल्फ मारीत राहिल्यास बॅटरी तर उतरतेच, शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचते आणि पुढे ठिणगी मिळताच त्याचा मोठा बार उडतो.

प्रथम एका प्लगची वायर काढून ती जवळच्या सुट्या प्लगला जोडावी व त्या प्लगचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून ठेवावे. हे कार्ब्युरेटरपासून दूर करावे. दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारताच प्लगच्या टोकाशी निळसर पांढरी ठिणगी कडकडत पडली, तर वीजपुरवठा ठीक असून दोष पेट्रोलमध्ये अथवा टायमिंगमध्ये शोधावयास हवा. ठिणगी पडली नाही, तर कॉइलकडून येणारी मधली वायर झाकणातून काढून, कोरड्या व रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे व पुन्हा सेल्फ मारावा. वायर नुसती लोंबकळत सोडू नये. त्यामुळे कॉइलच्या आवरणावर अकारण ताण येतो.

येथे ठिणगी मिळाली, तर कॉइल, पॉइंट व कंडेन्सर या तिघांचीही निर्दोष सुटका होते आणि संशय झाकण, रोटर व प्लगच्या वायरींवर राहतो. भोपाळच्या पावसाळ्यात हा प्रकार विशेष घडतो. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या झाकणात आतून दव धरते व वीज प्लगकडे जाण्याऐवजी ओलाव्यावाटे पसार होते. झाकण उतरवून कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसावे आणि घटकाभर उन्हात ठेवावे. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसल्यास झाकणाला तडा गेला आहे, ते बदलावे. झाकणाच्या मध्यभागी असलेली कोळशाची लहान कांडी झिजली वा अडकली नाही ना, हेही पाहावे.

झाकण उघडलेलेच आहे, तर सेल्फ मारून रोटर फिरतो की नाही, हे अवश्य पाहून घ्यावे. इंजिन फिरते आणि रोटर स्थिर राहतो, असे दिसल्यास आतील चेन अथवा गिअर तुटला आहे, असे समजून तेथेच थांबावे व गाडी ओढून न्यावी.

मधल्या वायरीवरही ठिणगी नसेल, तर बारा व्होल्टचा लहान दिवा व दोन तारा एवढेच साधन पुरे होते. दिव्याची एक तार इंजिनच्या उघड्या धातूला लावावी. किल्ली चालू करून दुसरी तार कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावावी. दिवा लागला नाही, तर दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा तेथून येणाऱ्या वायरमध्ये आहे. दिवा लागला, तर तीच तार कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडील, टोकाला लावून सेल्फ मारावा. पॉइंट उघडझाप करतात, त्याबरोबर दिवाही लुकलुकला पाहिजे. तो अजिबात न लागल्यास डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडवून पाहावे. आता दिवा लागला, तर कॉइलची जाड तार शाबूत असून पॉइंट उघडत नाहीत किंवा आत कोठेतरी वीज धातूला भिडते आहे. बिघडलेला कंडेन्सरही असे करतो. तरीही अंधारच राहिला, तर कॉइल आतून तुटली आहे.

याउलट दिवा न लुकलुकता सतत तेवत राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर काजळी आहे, किंवा आतील बारीक तार तुटली आहे. या बारीक तारेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांची १९७८ ची ॲम्बॅसडर आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आत्याबाई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, म्हणून आम्ही बैतूलला निघालो. ओबेदुल्लागंजच्या पुढे, बुधनीच्या घाटात गाडी बंद पडली. ती ओढून एका गॅरेजात नेली. तेथे प्रथम प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग सेल्फ मारमारून बॅटरी उतरली. अखेर एका ट्रकच्या वृद्ध क्लिनरने झाकण उघडून डिस्ट्रिब्युटरमधील तार चिमटीत धरून हलकेच ओढली. तिचे आवरण रबरासारखे लांबले. आतील तांब्याचे धागे केव्हाच तुटले होते. पॉइंटांची पाटी सतत मागेपुढे हलत असल्याने ही तार वाकून वाकून आवरणाच्या आत तुटते व वरून अगदी धडधाकट दिसते. वीतभर तार जोडताच इंजिन सुरू झाले. त्या दिवशी दिव्याने तपासले असते, तर पाच मिनिटांचे काम होते. आम्ही बैतूलला पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आत्याबाई होत्या, पण कोणाला ओळखत नव्हत्या.

पॉइंटांची निगा राखणे कठीण नाही. त्यांवर खड्डे वा काजळी असल्यास बारीक काचपेपरने घासून, कोऱ्या पोस्टकार्डाचा तुकडा मधून ओढून घ्यावा. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना ॲम्बॅसडरच्या पेट्रोल इंजिनात फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. ती फीलर गेजनेच मोजावी. पॉइंटाची फायबरची टाच झिजत जाते, तसतशी ही फट मिटत जाते आणि एके दिवशी पॉइंट उघडतच नाहीत. नवे पॉइंट बसविताना कॅमला किंचित ग्रीस लावावे व फट बदलल्यावर टायमिंग पुन्हा तपासून घ्यावे. पॉइंट वारंवार जळत असतील आणि ठिणगी पिवळी व अशक्त पडत असेल, तर कंडेन्सर बदलून पाहावा. तो स्वस्त आहे व एक जादा डिकीत ठेवण्यास हरकत नाही.

इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून चहाला जाण्याची सवय मात्र सोडावी. पॉइंट मिटलेल्या स्थितीत असतील, तर कॉइल तापून निकामी होते.

डिझेल जीपधारकांनी वरील तपासणी करू नये. त्या इंजिनात ठिणगी नसतेच. तसेच ज्यांच्या जुन्या गाडीत पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक संच बसविलेला आहे, त्यांनी मधली वायर हवेत धरून ठिणगी पाहू नये, अन्यथा तो संच जळण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी सुटा प्लग धातूला टेकवून पाहण्याची पहिली रीतच योग्य होय.