विश्लेषण : चिमुकल्यांचे ट्रेकिंग शूज ‘वाढत्या अंगाचे’ घ्यावेत का?

पावसाच्या पहिल्या सरी आल्या, की रविवारी सकाळी सिंहगड, लोहगडाच्या वाटा माणसांनी फुलून जातात. या गर्दीत हल्ली दोन-अडीच वर्षांची मुलेही दिसतात. काही बाबांच्या खांद्यावर, काही आईचे बोट धरून. त्यांच्या पायांत बरेचदा नवेकोरे, जाडजूड ट्रेकिंग शूज असतात आणि ते एक-दोन नंबर मोठे असतात. महाग वस्तू आहे, पुढच्या वर्षीही चालावी, हा त्यामागचा हिशेब. कपड्यांच्या बाबतीत तो चुकत नाही. फ्रॉक सैल झाला तर मूल पडत नाही. बूट सैल झाला तर पडते. मग एवढ्या लहान वयात ट्रेकिंग शूज घ्यायचे का, कोणते घ्यायचे आणि दर काही महिन्यांनी लहान होणाऱ्या बुटांवर किती खर्च करायचा?

एवढ्या लहान पायांना ट्रेकिंग शूज हवेतच का?

बाजारातले बरेचसे ‘किड्स ट्रेकिंग शूज’ म्हणजे मोठ्यांच्या बुटांची छोटी आवृत्ती असते. मोठ्यांना कडक सोल आणि घोट्यापर्यंतचा आधार उपयोगी पडतो, कारण पाठीवर सॅक असते आणि अंतर मोठे असते. दोन वर्षांच्या मुलाच्या पाठीवर ओझे नसते आणि ते सलग चालते फार तर अर्धा-पाऊण तास. त्याच्या पायातली बरीचशी हाडे अजून कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. तोल सांभाळायला ते बोटे पसरते, चवडा वाकवते. कडक सोलच्या बुटात नेमके हेच करता येत नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. दोन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १२ किलो असते. प्रत्येकी २५० ग्रॅमचे दोन बूट म्हणजे त्याच्या वजनाच्या ४ टक्क्यांहून थोडे अधिक. ७० किलोच्या माणसाच्या बाबतीत हेच प्रमाण लावले तर त्याच्या दोन पायांत मिळून जवळपास ३ किलोचे बूट होतील. ते घालून गड चढायचा विचार करून पाहा.

म्हणजे हवा असतो तो हलका, पुढून सहज वाकणारा, बोटांना पसरायला जागा देणारा आणि तळाला पकड असलेला बूट. त्यावर ‘ट्रेकिंग’ लिहिलेले असलेच पाहिजे असे नाही. ट्रेकिंगच्या अनेक ब्रँडचे सर्वात छोटे बूट ईयू २४ नंबरच्या आसपास सुरू होतात. त्याहून लहान पायांसाठी चांगला स्पोर्ट्स शूच शोधावा लागतो आणि तो पुरतो.

सपाट तळव्यांचे काय?

मुलाचा तळवा सपाट आहे, म्हणून ‘आर्च सपोर्ट’वाला महागडा बूट घ्या, असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते आणि कमान तयार झालेली नसते. त्यामुळे तळवा सपाट दिसणे स्वाभाविक आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवचीक सपाट पाय असलेल्या लहान मुलांवर खास बूट आणि इनसोल यांचे प्रयोग झाले. तीन वर्षांनंतर साधे बूट घालणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या पायांत लक्षणीय फरक आढळला नाही.

भारतातला अभ्यास तर आणखी बोलका आहे. मणिपालच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पादत्राणे घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के आढळले. चपला-सँडल वापरणाऱ्यांपेक्षा बंद बूट घालणाऱ्यांत ते जास्त होते. याचा अर्थ गडावर अनवाणी न्यावे असा नाही. तिथे काटे, बाटल्यांच्या काचा आणि उन्हाळ्यात तापलेला कातळ असतो. अर्थ एवढाच, की घरात आणि स्वच्छ हिरवळीवर मुलाला अनवाणी चालू द्यावे आणि कमानीच्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजू नयेत. मात्र मूल लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल किंवा दोन पायांत फरक दिसत असेल, तर दुकानदाराऐवजी डॉक्टरांना विचारावे.

‘वाढत्या अंगाचा’ बूट का नको?

एक ते तीन वर्षांदरम्यान पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. म्हणजे वर्षाला १८ मिलिमीटर. यूके मापात दोन नंबरांमधले अंतर सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. यंदाचा बूट पुढच्या पावसाळ्यातही चालवायचा, तर तो आज दोन नंबर मोठा घ्यावा लागेल. पालकांचा अंदाज गणिताने बरोबर असतो. पण आजच्या पायाला तो बूट बसत नाही.

मोठ्या बुटात टाच वर-खाली होते आणि तिथे फोड येतात. चढताना बुटाचे टोक पायरीला अडकते. उतरताना पाय पुढे सरकतो, बोटे टोकावर आपटतात आणि मूल तोंडावर पडण्याची भीती असते. जाड मोजे किंवा टोकाला कापूस हा घरगुती उपाय जागा भरतो, पण टाच जागेवर धरून ठेवत नाही.

आखूड बूटही तितकाच वाईट, आणि तो ओळखणे जास्त अवघड. पाय मऊ असल्याने बोटे दुमडून आत बसतात. बूट लागतो आहे, हे या वयाच्या मुलाला सांगता येतेच असे नाही. ते फक्त ‘उचलून घे’ म्हणते किंवा बसल्या जागी बूट काढून टाकते. आपण त्याला हट्ट समजतो. अशा वेळी आधी बूट काढून पायावर कुठे लाल झाले आहे का, ते पाहावे.

घरच्या घरी माप कसे घ्यायचे?

दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवावा. मुलाला टाच भिंतीला टेकवून उभे करावे. बसलेल्या मुलाचे माप कमी येते. सर्वात लांब बोटापुढे पेन्सिल सरळ उभी धरून खूण करावी. दोन्ही पायांचे माप घ्यावे आणि मोठा पाय धरून चालावे.

या लांबीत १२ मिलिमीटर मिळवले, की बुटाच्या आतली लांबी मिळते. पाऊल १३.८ सेंटिमीटर असेल, तर बूट आतून १५ सेंटिमीटर हवा. दुकानात पुढून अंगठा दाबून पाहण्यावर विसंबू नये, कारण दाबताच मूल बोटे आत ओढते. त्यापेक्षा बुटातला इनसोल बाहेर काढावा आणि मुलाला त्यावर उभे करावे. पुढे १२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या करंगळीच्या रुंदीएवढी जागा दिसायला हवी. बोटे इनसोलच्या बाजूने बाहेर जात असतील, तर तो बूट अरुंद आहे. ट्रेकला घालणार असू तेच मोजे घालून बूट तपासावा आणि दुकानात पाच मिनिटे चालवून पाहावे.

ऑनलाइन घेताना ‘२-३ वर्षे’ असा वयाचा आकडा सोडून द्यावा. एकाच वयाच्या मुलांच्या पावलांत चांगलाच फरक असतो. सेंटिमीटरमधला तक्ता पाहावा, आणि तो पावलाचा आहे की इनसोलचा हेही वाचावे.

नंबरांचा घोळ कसा सोडवायचा?

यूके पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, तर ईयू पद्धतीत सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर. यूके मापात लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जाऊन पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे नुसता ‘७ नंबर’ म्हटले तर तो चिमुकल्याचाही असू शकतो आणि मोठ्या माणसाचाही. मुलांचा यूके ७ म्हणजे ढोबळमानाने ईयू २४. तरीही प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, म्हणून शेवटचा शब्द सेंटिमीटरचाच.

रुंदीचा प्रश्न याहून मोठा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ दरम्यान देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांची पावले युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. तिच्या आठ गटांपैकी एक खास १ ते ३ वर्षांच्या मुलांचा आहे. दुकानात मात्र आपली गाठ अजून यूके आणि ईयू मापांशीच पडते. त्यामुळे लांबी बरोबर असूनही बूट चवड्यावर आवळत असेल, तर नंबर वाढवण्याऐवजी दुसरे मॉडेल पाहावे.

सह्याद्रीच्या वाटांसाठी सोल कसा हवा?

आपल्याकडे वाटेत तीन गोष्टी भेटतात : ओला कातळ, चिखल आणि घसारा. ओल्या कातळावर मऊ रबर चांगले धरते. नखाने दाबल्यावर किंचित दबणारा रबरी सोल घ्यावा. प्लॅस्टिकसारखा कडक, चकचकीत पीव्हीसी सोल पाण्यात घसरतो. नुसत्या फोमचा सोल हलका असतो, पण लवकर गुळगुळीत होतो. चिखल आणि घसाऱ्यासाठी दोन-तीन मिलिमीटर खोल खाचा पुरतात. शेवाळावर मात्र कोणताही सोल भरवशाचा नाही. तिथे मुलाला उचलून घ्यायचे.

‘वॉटरप्रूफ’साठी जादा पैसे देण्याआधी थोडा विचार करावा. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून बुटात शिरते आणि आत गेलेले पाणी वॉटरप्रूफ बुटातून लवकर बाहेर पडत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण लवकर वाळतो. सोबत मोज्यांचे दोन कोरडे जोड ठेवले की काम भागते. लेसपेक्षा वेल्क्रो सोयीचा. चिखलात बसून नाड्या बांधाव्या लागत नाहीत आणि घट्ट-सैल करता येते.

खर्च परवडेल कसा?

समजा, बूट १,५०० रुपयांचा आहे आणि पाच महिने बसणार आहे. महिन्यातून दोनदा टेकडीवर गेलो, तर दहा फेऱ्या होतील. एका फेरीचा खर्च १५० रुपये. तोच बूट रोज बागेत, अंगणातही घातला, तर दिवसाला १० रुपये. म्हणून या वयात ‘रोजचा वेगळा, ट्रेकचा वेगळा’ ही चैन टाळावी. एकच बरा बूट घ्यावा आणि तो रोज वापरावा. तो झिजण्याआधीच लहान होणार आहे, त्यामुळे ‘टिकाऊ’पणासाठीही जादा मोजू नये. ४०० रुपयांचा बूट नीट बसत असेल, वाकत असेल आणि घसरत नसेल, तर मुलाच्या पायाला किमतीशी देणेघेणे नसते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे. त्यापुढे तो १८ टक्के आहे. पूर्वी १८ टक्क्यांची रेषा १,००० रुपयांपासूनच सुरू होत होती. कर वगळून १,५०० रुपयांची जोडी पूर्वी १,७७० रुपयांना पडे, ती आता १,५७५ रुपयांना पडते.

खरेदीची वेळही महत्त्वाची. सेल लागला म्हणून फेब्रुवारीत घेतलेला बूट जूनमध्ये सहा मिलिमीटरने कमी पडतो. ट्रेकला सुरुवात करण्याच्या आठवडाभर आधी घ्यावा. जूनला १२ मिलिमीटर जागा ठेवून घेतलेल्या बुटात सप्टेंबरअखेर निम्मी जागा उरते. एक जोडी, एक पावसाळा, हे गणित धरून चालावे आणि दर दोन महिन्यांनी माप तपासावे.

मोठ्या भावंडांचे बूट चालतात का?

फार वापरलेले नसतील तर जरूर चालतात. नात्यात, सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी केली तर जवळजवळ नवे जोड मिळतात, कारण ते झिजण्याआधीच लहान झालेले असतात. घेताना बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. तो एका बाजूला कलत असेल, टाचेचा भाग दबला असेल किंवा सोलच्या खाचा पुसल्या असतील, तर नको. इनसोल बदलावा, बूट धुऊन पूर्ण वाळवावा. आपले जोड लहान झाल्यावर तेही असेच पुढे द्यावेत.

आधी कोणाचे बूट पाहायचे?

दोन वर्षांचे मूल गडाची पूर्ण वाट चालत नाही. अर्ध्याहून अधिक वेळ ते कोणाच्या तरी कडेवर, पाठीवर किंवा खांद्यावर असते. १२ किलोचे मूल खांद्यावर बसले, की उचलणाऱ्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तोल जायला थोडे घसरणेही पुरते. मुलाच्या पायांत दोन हजारांचे शूज आणि त्याला उचलून निसरड्या पायऱ्या उतरणाऱ्या बाबांच्या पायांत गुळगुळीत चपला, असे असेल तर खर्च चुकीच्या जोडीवर झाला आहे. पैसे एकाच जोडीपुरते असतील, तर ती उचलणाऱ्याची घ्यावी. उतरताना मूल खांद्यावर न ठेवता पाठीवरच्या कॅरिअरमध्ये ठेवावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

सुरुवातीला गडाचीही गरज नसते. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या किंवा वेताळ टेकडीची सपाटी, साताऱ्यात सज्जनगडाच्या पायऱ्या, मुंबईत कान्हेरी लेण्यांचा परिसर एवढे दोन वर्षांच्या पायांना पुष्कळ होते. तिथून आल्यावर बूट काढून टाच आणि बोटे पाहावीत. कुठे लाल झालेले नसेल, तर बूट बरोबर आहे.