परत आलेले पत्र आपलेच कशावरून?

नाशिकला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे मिळतात, त्या द्वारका भागातील एका शाळेने पुण्याच्या एका शिक्षकांना ई-मेलने पत्र पाठवले असे समजू. पत्त्यात एक अक्षर चुकले. लगेच 'या पत्त्यावर कोणी नाही' असा निरोप परत आला. याला 'बाउन्स' म्हणतात. इथवर सारे ठीक. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या पेटीत असे तीनशे निरोप आले, आणि त्यांतले एकही पत्र शाळेने पाठवलेले नसले तर?

हे समजण्यासाठी आधी पाकीट आणि आतले पत्र वेगळे करू. ई-मेलची देवाणघेवाण 'एसएमटीपी' या नियमावलीने चालते. ती १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिली. एक सर्व्हर दुसऱ्याला आधी पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, मग घेणाऱ्याचा, आणि त्यानंतर मजकूर देतो. पहिले दोन पत्ते म्हणजे पाकीट. आपल्याला पडद्यावर दिसणारे 'प्रेषक' हे नाव मात्र आतल्या मजकुराचा भाग असते. दोन्ही ठिकाणी कोणाचेही नाव लिहिता येते. मूळ नियमावलीत त्याची खातरजमा नव्हती. पाकिटावर दुसऱ्याचा पत्ता लिहून पोस्टाच्या पेटीत टाकण्यासारखेच हे.

आता पुण्याच्या सर्व्हरने पत्र आधी ठेवून घेतले आणि मागाहून त्याला कळले की पेटीच नाही, तर तो पाकिटावरच्या पत्त्याकडे निरोप धाडतो. पत्ता खोटा असेल, तर भुर्दंड निरपराध शाळेला. म्हणून पहिला उपाय म्हणजे पत्र दारातच नाकारणे. 'क्रमांक ५५०, अशी पेटी नाही' असे उत्तर मिळाले की निरोप देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवरच राहते.

बाउन्सच्या स्वतःच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. तसे नसते तर परत आलेल्या निरोपाचा पुन्हा निरोप, असे चक्र थांबलेच नसते.

काही सर्व्हर उलट चौकशी करतात. पत्र घेण्यापूर्वी ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला विचारतात, 'या नावाची पेटी तुमच्याकडे आहे का?' पण पेटी असणे आणि पत्र तिथूनच निघालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेची पेटी तर खरीच आहे! शिवाय लाखो खोट्या पत्रांची चौकशी झाली, तर त्याचा बोजाही शाळेच्याच सर्व्हरवर पडतो.

याहून बरा मार्ग 'एसपीएफ'चा. आपल्या नावाने कोणकोणते संगणक पत्रे पाठवू शकतात याची यादी शाळा इंटरनेटच्या नामसूचीत जाहीर करते. यादीबाहेरून आलेले पत्र घेणारा नाकारू शकतो. याचा नियम २००६ साली प्रयोगादाखल आला आणि २०१४ मध्ये सुधारून पक्का झाला. मात्र यादी पाहायची की नाही, हे घेणाऱ्याच्या हाती.

मग आपल्या हाती काय? 'बीएटीव्ही' नावाची युक्ती. पत्र निघताना आपला सर्व्हर पाकिटावरच्या पत्त्याला एक खूण जोडतो. तीत मुदतीचा दिवस आणि गुप्त किल्लीने काढलेले काही अंक असतात. मुदत साधारण आठवड्याची. खरा बाउन्स येतो तो त्याच पत्त्यावर, खुणेसकट. रिकाम्या प्रेषकाचे पत्र खुणेशिवाय आले, तर ते आपल्या पत्राचे उत्तर नव्हे. ते दारातच नाकारावे. इथे जगाची पारख करावी लागत नाही, फक्त स्वतःचे अक्षर ओळखायचे असते.

वर्गात हा खेळ करून पाहता येईल. दोन गटांनी पाकिटे पाठवावीत. काहींनी मागे दुसऱ्याच गटाचे नाव लिहावे. सारी पाकिटे 'पत्ता चुकला' म्हणून परत करावीत. मग एका गटाला गुप्त खूण ठरवू द्यावी आणि खेळ पुन्हा खेळावा.

आणि शाळेच्या पेटीत असे निरोप आलेच, तर सोबतच्या जोडण्या किंवा दुवे उघडू नयेत; खोटे बाउन्स हे आमिषही असू शकते. 'पाठवलेली पत्रे' हा कप्पा तपासावा. तिथे ती पत्रे सापडली, तर पासवर्ड लगेच बदलावा. नसतील, तर बहुधा कोणीतरी फक्त आपले नाव वापरले आहे. मात्र त्या ढिगात आपला एखादा खरा निरोप दडलेला नाही ना, हे पाहूनच ढीग टाकावा.