घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील उपद्रवी शैवालांचे नियंत्रण : एक विवेचन

प्रस्तावना :
खाऱ्या पाण्याच्या ज्या काचपेटीत जिवंत प्रवाळ व त्यांच्या सहवासातील मासे पाळले जातात, तिला प्रवाळ-मत्स्यालय म्हणतात. केसाळ हिरव्या शैवालांची अनिर्बंध वाढ ही त्यातील नेहमीची समस्या होय. शैवाल प्रवाळावर पसरून त्याचा प्रकाश अडवते व त्याची वाढ खुंटवते. ते दिसताच औषध टाकण्याकडे पाळणाऱ्याचा कल असतो. वस्तुतः शैवाल हा रोग नसून असंतुलनाचे लक्षण आहे. प्रस्तुत लेखात या असंतुलनाची कारणे व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

वाढीची कारणे :
शैवालास प्रकाशाबरोबर नायट्रोजन व फॉस्फरस यांची गरज असते. माशांचे खाद्य व विष्ठा यांतून नायट्रेट व फॉस्फेट सतत तयार होतात आणि बंदिस्त पाण्यात साठत जातात. बाष्पीभवनाने घटलेले पाणी नळाच्या पाण्याने भरून काढल्यास त्यातील क्षारांचीही भर पडते. येथे एक फसगत संभवते. वाढणारे शैवाल फॉस्फेट शोषून घेत असल्याने पाण्याच्या चाचणीत त्याचे प्रमाण शून्य दिसू शकते. म्हणून केवळ चाचणीवर विसंबणे योग्य नाही.

दुसरे कारण म्हणजे शाकाहारी प्राण्यांचा अभाव. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील डायडेमा जातीचे समुद्री अर्चिन साथीने मोठ्या प्रमाणावर मृत्युमुखी पडले. अतिमासेमारीमुळे शैवाल खाणारे मासे आधीच घटले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या भित्तींवर सुमारे निम्म्या भागात प्रवाळ होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते ५ टक्क्यांहून कमी उरले आणि त्यांची जागा शैवालांनी घेतली.

उपाययोजना :
१) रिव्हर्स ऑस्मोसिसने शुद्ध केलेलेच पाणी वापरावे.
२) खाद्य मोजके द्यावे, प्रोटीन स्किमर व नियमित पाणीबदल यांनी सेंद्रिय घाण काढावी.
३) वाढलेले शैवाल हाताने उपटून पेटीबाहेर टाकावे, म्हणजे त्यातील पोषक द्रव्येही बाहेर जातात.
४) टर्बो व ट्रोकस गोगलगायी, तसेच पेटी पुरेशी मोठी असल्यास शाकाहारी सर्जन मासे ठेवावेत.
५) जोडटाकीत किटोमॉर्फा हे शैवाल वाढवून वेळोवेळी कापावे. शैवालानेच शैवालास आवर घालण्याची ही रीत होय.

लालसर चिकट थर हे बहुधा सायनोबॅक्टेरिया असतात, खरे शैवाल नव्हे. एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने ते नाहीसे होतात. मात्र मूळ कारण कायम राहिल्यास पुन्हा उद्भवतात.

अतिरेकाचा धोका :
पोषक द्रव्ये शून्यावर आणणे हाही उपाय नव्हे. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सहजीवी शैवालांनाही त्यांची गरज असते. ती न मिळाल्यास प्रवाळ फिकट पडतो. अशा रिक्त पाण्यात ऑस्ट्रिऑप्सिससारखे विषारी डायनोफ्लॅजेलेट माजण्याचा संभव असतो. म्हणून नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम राखणे सामान्यतः सोयीचे ठरते.

निष्कर्ष :
शैवालाचे समूळ उच्चाटन हे साध्य नसून त्याची वाढ व त्याचे भक्षण यांत मेळ घालणे हे साध्य आहे. जमैकाच्या समुद्रात जो मेळ बिघडला, तोच काचेच्या पेटीत पाळणाऱ्यास स्वतः सांभाळावा लागतो.